सावकाशरावांचा हात

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, चपटा, खिशात मावेल एवढा. माझ्या झाकणावर एकेकाळी सोनेरी वेलबुट्टी होती, पण ते तुम्ही लगेच खरं मानू नका. वेलबुट्टी केव्हाच पुसली गेली आहे आणि पुरावा काही उरलेला नाही. मी स्वतः कुणाचं सांगणं एकदम खरं मानत नाही, मग तुम्ही माझं का मानावं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात माझा फारसा दोष नाही. डब्याकडे कुणी ख्यालीखुशाली विचारायला येत नाही. जो येतो तो झाकण उघडतो, आणि जो झाकण उघडतो त्याला काहीतरी काढून न्यायचं असतं. जन्मापासून हेच पाहिल्यावर मन साफ कसं राहणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापला जायचा, साच्यात दाबला जायचा आणि कडा आत वळवल्या जायच्या. शेवटी एक म्हातारा कामगार बसलेला असे. तो प्रत्येक डबा कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकून बघायचा. आवाज बोदा आला की डबा बाजूला भिरकावला जायचा. मला त्याने दोनदा ठोकलं. इतरांना एकदा आणि मला दोनदा का, हा माझ्या आयुष्यातला पहिला संशय. मग माझ्यात तंबाखू भरली गेली, ती एका मोठ्या तारमास्तरांनी ओढून संपवली, आणि मी तार ऑफिसच्या खिडकीत टाचण्या सांभाळत पडून राहिलो.

आता तार म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. त्या काळी निरोप विजेच्या तारेतून जायचे. या टोकाचा माणूस पितळी चावी दाबायचा आणि त्या टोकाला लाकडी खोपट्यात, म्हणजे एका बाजूने उघड्या खोक्यात, बसवलेला खटका वाजायचा. कट्ट कडकट्ट. छोटा आवाज, लांब आवाज, मध्ये थोडी उसंत. त्यातून अक्षरं व्हायची आणि अक्षरांतून कुणाच्या मुलाचा जन्म किंवा कुणाच्या वडिलांचा मृत्यू. आमच्या खोलीत टेबलांची लांब रांग होती आणि सगळे खटके एकाच वेळी बडबडायचे. त्या गोंगाटात आपला खटका ओळखायचा कसा? त्यावर तारवाल्यांनी एक युक्ती शोधली होती. खटक्याच्या मागे खोपट्यात रिकामा डबा खुपसायचा. आवाज मोठा होतो, आणि प्रत्येक डब्याचा आवाज निराळा असतो.

अक्का, आमच्या नव्या तारमास्तरीणबाई, नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना दाराजवळचं टेबल मिळालं. तिथला खटका क्षयाच्या रोग्यासारखा खोकायचा. अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतून मला उचललं, टाचण्या टेबलावर ओतल्या आणि मला खोपट्यात कोंबलं. मी म्हटलं, झालं, आता ही बाई काय काढून नेते कोण जाणे. पण त्यांनी काहीच काढून नेलं नाही. उलट मला आवाज मिळाला. तो दिवस मी विसरलेलो नाही. पुढे त्या सगळ्या खोलीच्याच अक्का झाल्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं, आणि कुणी उगाच गोड बोललं की भुवई वर.

खटक्याच्या पाठीशी बसून मी सगळे निरोप ऐकू लागलो आणि माझा संशय वाढतच गेला. प्रत्येक तारमास्तर स्वतःचं नाव न सांगता दोन अक्षरांची सही ठोकायचा. का? लपवण्यासारखं काय होतं? शिवाय गप्पा संपताना एक आकडा यायचा, त्र्याहत्तर. रोज, सगळ्यांकडून, त्र्याहत्तर. मी विचार करायचो, त्र्याहत्तर काय? पोती? माणसं? ही नक्की एखादी टोळी आहे आणि माल कुठेतरी उतरवला जातो आहे. पुष्कळ दिवसांनी अक्का एका नवख्याला सांगत होत्या, तेव्हा कळलं की त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा. लांबलचक शब्द ठोकायचा कंटाळा, म्हणून आकडा. तसंच तीस म्हणजे संपलं, आता काही येणार नाही. हे आकडे कुणी ठरवले, ते अक्कांनाही नक्की माहीत नव्हतं. त्यांना शिकवणाऱ्यालाही नव्हतं. सगळे ठोकत होते म्हणून हेही ठोकत होते.

त्या खोलीत नव्या माणसाला छळण्याचीही रीत होती. पहिल्या दिवशी पलीकडचे लोक मुद्दाम घोड्यावर बसल्यासारखे ठोकायचे. नवखा गडबडला, की तारेवरून प्रश्न यायचा, पायाने ठोकतोस का? यापेक्षा मोठा अपमान त्या धंद्यात नव्हता. ज्याचा हात जड, त्याला हॅम म्हणायचे, आणि तेही कौतुकाने नव्हे.

अक्कांच्या पहिल्या दिवशीही तेच झालं. निरोपांची नुसती सरबत्ती. अक्का ओठ चावून लिहीत होत्या. तेवढ्यात लाइनच्या दुसऱ्या टोकाकडून एक नवीन हात आला. गोल, संथ, प्रत्येक अक्षर नीट खाली ठेवून मग दुसरं उचलणारा. त्याने पूर्ण निरोप अक्कांना झेपेल अशा बेताने दिला, शेवटी त्र्याहत्तर ठोकलं आणि जाता जाता दोन हलके ठोके दिले. टक टक. निघतो आता, असे. खोलीतल्यांनी त्या माणसाचं नाव सावकाशराव ठेवलं होतं. घाई त्यांना ठाऊकच नव्हती.

हात म्हणजे काय, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चावी एकच, अक्षरं तीच, तरी दोन माणसं सारखं ठोकत नाहीत. कुणी लांब ठोका ओढतो, कुणी उसंत खातो. आवाजावरून तुम्ही आईला ओळखता ना, तसे तारवाले हातावरून माणूस ओळखायचे. सही खोटी करता येते, हात खोटा करता येत नाही, असं अक्का म्हणायच्या. मी स्वतः त्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात ठेवलेला तो बहुधा एकमेव विश्वास.

अक्का आणि सावकाशराव नोकरीभर एकमेकांशी बोलले आणि एकदाही भेटले नाहीत. फोटोही पाहिला नाही. काम नसेल तेव्हा हवा कशी आहे, तब्येत कशी आहे, इतकंच. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पण सकाळी तो पहिला संथ ठोका माझ्या पाठीवर पडला, की अक्कांचे खांदे सैल व्हायचे. ते मी रोज पाहत होतो.

मग टेलिफोन आले, यंत्रं आली आणि तार ऑफिस बंद झालं. माणसं टेबलं उचलून नेऊ लागली. खटके भंगारात, खोपटी सरपणात. मी तयारच होतो, कधी ना कधी हे होणार असं मला पहिल्यापासून वाटत होतं. अक्कांनी मला पदराखाली घेतलं आणि घरी आणलं. सरकारी वस्तू होतो का मी, असा प्रश्न मला पडला, पण विचारणार कुणाला?

अक्का धाकट्या भावाकडे राहायच्या. तो घड्याळं दुरुस्त करायचा. महिनाभर अक्का नुसत्या भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांना कुठूनसं कळलं, की परीक्षा दिली तर हौशी लोकांना रेडिओवर बोलायचा परवाना मिळतो, आणि तिथे अजून ठोके चालतात. अक्का परीक्षा पास झाल्या. भावाच्या दुकानामागच्या खोलीत सेट आला, खिडकीतून वायर झाडावर गेली. रेडिओत खटका नसतो, शिट्टी असते. अक्कांना हेडफोन टोचायचा, म्हणून त्यांनी त्याची एक चकती माझ्या पोटात ठेवली. शिट्टी माझ्यातून खोलीभर वाजू लागली. मला पुन्हा आवाज मिळाला.

एका सकाळी त्या शिट्टीतून एक गोल, संथ हात आला. अक्कांच्या हातातली चहाची बशी लवंडली. सावकाशरावांनीही परवाना काढला होता. दोघांनीही एकमेकांना न विचारता.

रेडिओवरची नवी मंडळी आमच्या जुन्या रीती पाळत होती, आणि कुठून आल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्र्याहत्तर होतं. दोन ठोके देऊन निघणं होतं. इतकंच काय, ती स्वतःला अभिमानाने हॅम म्हणवून घेत होती. ज्या शब्दाने आमच्या खोलीत नवखे रडायचे, तो शब्द लोकांनी छातीवर बिल्ल्यासारखा लावला होता. यात काहीतरी डाव आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं.

दर रविवारी सकाळी दहा-बारा जणांची रेडिओवर बैठक भरू लागली. ती सावकाशराव चालवायचे. एकेकाला हाक मारायची, हवा विचारायची, कुणाला घाई असेल तर आधी बोलू द्यायचं. मंडळींत एक शाळामास्तर होते, आमच्याच गावातले, विज्ञान शिकवणारे. बैठकीचा पत्रव्यवहार ते बघायचे. अशी बरीच वर्षं चांगली गेली.

आणि मग सावकाशराव बैठकीला यायचे थांबले. एक रविवार, दुसरा, तिसरा. अक्का म्हणाल्या, सेट बिघडला असेल. भाऊ म्हणाला, हो, असेल. पण दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

पुढे एका रविवारी त्यांची हाक आली. रेडिओवर ज्या अक्षरांनी प्रत्येकाची ओळख पटते, ती अक्षरं त्यांचीच. पण हात त्यांचा नव्हता. ठोके अडखळत होते. मध्येच घाई, मध्येच नको तिथे उसंत. लंगडा माणूस जिना उतरावा तसा तो हात उतरत होता. अक्कांनी पेन्सिल खाली ठेवली. माझा पत्रा गार पडला.

मागच्याच वर्षी एक प्रकार घडला होता. एका वारलेल्या हौशी माणसाची ओळख वापरून कुणीतरी महिनाभर खुशाल बोलत होता. त्यामुळे मंडळींच्या मनात जे आलं ते लगेच आलं. सावकाशराव गेले असावेत, आणि त्यांचं नाव पांघरून कुणी भलताच बसला आहे.

आता प्रत्येक रविवारी आम्ही कान टवकारून बसायचो. जे ऐकू यायचं त्याने संशय पक्काच होत होता. हा माणूस बैठक चालवायला नकार देत होता. हवा विचारत नव्हता. दोन वाक्यं बोलून पळायचा, आणि निघताना ते दोन हलके ठोके द्यायचा नाही. अक्कांनी त्याला त्याची तार ऑफिसातली सही विचारली. ती दोन अक्षरं रेडिओवर अक्का आणि सावकाशराव सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. तो ठोकायला लागला, चुकला, पुन्हा लागला, पुन्हा चुकला, आणि गप्प झाला. चोराला सही कुठून येणार, असं मी मनात म्हटलं.

शाळामास्तर घरी आले. म्हणाले की परवाना खात्याकडे तक्रार तयार आहे. सावकाशरावांना सगळ्यांत जास्त ओळखणाऱ्या तुम्हीच. तुम्ही हो म्हणालात तर पाठवतो. तक्रार गेली की ती ओळख बंद होणार आणि सेट जप्त होणार. येत्या रविवारी बैठकीत काय ते सांगा, एवढं बोलून ते चहा न घेता गेले.

भाऊ घड्याळाच्या भिंगातून डोळा काढून म्हणाला, "अक्का, त्यांच्या गावी जाऊन येऊ की आपण. पत्ता आहे ना?"

"आणि दार उघडणाऱ्याने सांगितलं की ते गेले, तर?" अक्का म्हणाल्या. "मग मी काय करू?"

भावाने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मलाही तेव्हा समजलं, की अक्कांना रागवायला एक चोर हवा होता. चोरावर रागावत राहिलं, तोवर सावकाशराव कुठेतरी असल्यासारखे होते. त्यांना भीती वाटत होती आणि त्या भीतीला राग म्हणत होत्या. मी मात्र बिनधास्त संशय घेत होतो. माझं कोण गेलं होतं?

रविवार आला. बाहेर लख्ख ऊन होतं, दुकानात घड्याळं चालली होती. शाळामास्तर मुद्दाम आमच्याच खोलीत येऊन बसले होते. बैठक सुरू झाली आणि तो लंगडा हात आला. अक्का ऐकत राहिल्या. मग त्यांनी चावी ओढली, आणि सगळ्यांदेखत, तार ऑफिसातून बाहेर पडल्यापासून कुणी कुणाला विचारला नव्हता तो प्रश्न ठोकला.

पायाने ठोकता का?

शिट्टी थांबली. मंडळींपैकी कुणीही मध्ये पडलं नाही. मग एकेक अक्षर, पडत, उठत, येऊ लागलं. शाळामास्तर ते कागदावर उतरवत होते आणि त्यांचा हात हळू होत गेला.

उजवा हात गेला. डावा शिकतोय. पाय अजून शिल्लक आहे.

त्या प्रश्नाला असं उत्तर जुन्या तारवाल्याखेरीज कुणी दिलं नसतं. मित्रांनो, तारवाल्यांचा एक आजार असतो. वर्षानुवर्षं तेच मनगट तेच करत राहिलं, की एक दिवस ते ऐकेनासं होतं. बोटं आखडतात, थरथरतात, चावीवर ठरत नाहीत. आमच्या खोलीत त्याला काचेचा हात म्हणायचे. ज्याचा हात काचेचा झाला तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की खुर्ची गेली. दुखणं लपवायचं, थोडं बोलायचं, लवकर निघायचं, नाजूक ठोके टाळायचे. ही रीतही त्र्याहत्तरसारखीच तारेवरून रेडिओवर आली होती. इथे खुर्ची जाणार नव्हती. तरी सावकाशराव लपवत राहिले, कारण त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

आणि अक्कांना हे सगळं ठाऊक होतं. त्या खोलीत त्यांनी असे हात पाहिले होते. तरी त्यांच्या मनात चोर आला, आजार आला नाही. माझ्याही आला नाही.

शाळामास्तरांनी खिशातून तक्रार काढली, तिच्या दोन घड्या केल्या, मग चार केल्या. "माझी चूक झाली," ते म्हणाले. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चावी उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने ठोकायला सुरुवात केली.

काय तो आवाज. इतक्या वर्षांची तारमास्तरीण, पण माझ्या पोटात जणू कुणी खडे ओतत होतं. माफ करा, हे दोन शब्द ठोकायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी त्यांनी अख्खं पान ठोकलं असतं. एक अक्षर तीनदा चुकलं. पलीकडे सावकाशराव शांतपणे थांबले होते.

मग मंडळींतला दुसरा कुणी आला, तोही डाव्या हाताने. मग तिसरा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळामास्तर धावत आपल्या घरी गेले आणि थोड्या वेळाने त्यांचीही हाक आली, ती तर कुणालाच कळली नाही. भाऊ दुकान सोडून आत येऊन उभा राहिला. त्याला ठोक्यांतलं काही समजत नसे, पण तो हसत होता आणि डोळे पुसत होता. बैठक जेवणाची वेळ टळून गेली तरी चालली, कारण कुणालाच काही पटकन बोलता येत नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी सगळ्यांत सुबक हात सावकाशरावांचा होता. त्यांचाच काय तो सराव झालेला. त्यांनी एकेकाला हाक मारली आणि हवा कशी आहे ते विचारलं.

त्याच आठवड्यात अक्का भावाला घेऊन त्यांच्या गावी गेल्या. मला नेलं नाही, त्यामुळे तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, "उंच आहेत चांगले. मला वाटायचं, बुटके असतील."

तेव्हापासून त्या बैठकीत एक रीत पडली. महिन्यातला पहिला रविवार डाव्या हाताचा. सावकाशराव होते तोवर ती पाळली, ते गेल्यावरही पाळली, अक्का गेल्यावरही पाळतात. अक्कांचा सेट भावाने शाळामास्तरांना दिला आणि सेटबरोबर मीही गेलो. आता मास्तरांचेही केस पिकले आहेत. मला कडांना गंज चढला आहे, झाकण हरवलं आहे. मधली काही वर्षं माझ्यात स्क्रू आणि संपलेले सेल टाकलेले होते. हल्ली हेडफोन पुन्हा माझ्या पोटात असतो, हे माझं नशीब.

नवी मंडळी पहिल्या रविवारी डाव्या हाताने ठोकतात आणि चुका झाल्या की हसतात. कुणी सांगतं, मेंदूला व्यायाम होतो म्हणून हे असतं. कुणी सांगतं, ही जुनी शर्यत आहे. मास्तर सांगतात कधी कधी खरं काय ते, पण मध्येच ते चष्मा पुसायला थांबतात आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून तुम्हाला पूर्ण सांगितली.

मित्रांनो, मी संशयी आहे आणि संशयीच राहणार, या वयात पत्रा काही बदलत नाही. पण तुमच्या ओळखीतला एखादा माणूस एकदम तुटक बोलू लागला, लवकर उठून जाऊ लागला, पूर्वीसारखा वाटेनासा झाला, तर तो तुमच्यापासून काही चोरतो आहे असं आधी मनात आणू नका. त्याला काही दुखतं आहे का, ते बघा. आणि तेही अक्कांनी विचारलं तसं चारचौघांत विचारू नका. त्याच्या घरी जा, दार वाजवा, आणि दार उघडायला त्याला वेळ लागला तर बाहेर थांबा.